फवारण्याआधी पान उलटा: घरातल्या कुंड्यांवरचे किडे ओळखायचे कसे

कुंडीत काहीतरी हलताना दिसलं की हात आधी फवाऱ्याच्या बाटलीकडे जातो. तो तिथेच थांबवा. साबणाचं पाणी काय किंवा कडुनिंबाचं तेल काय, मऊ अंगाचा जो किडा त्याखाली सापडेल तो मरतो, मग तो मावा असो की माव्याला खाणारी अळी. पुढे होतं असं की मावा आठ-दहा दिवसांत पिल्लं घालण्याइतका मोठा होतो आणि पुन्हा शेंडा भरून टाकतो. त्याला खाणाऱ्या लेडीबर्डला मात्र अंड्यापासून भुंगेरा व्हायलाच तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे ओळख न पटवता केलेली फवारणी बहुधा किडीच्याच पथ्यावर पडते.

सगळ्यात आधी तुमची कुंडी कुठे आहे ते बघा. गॅलरीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा गच्चीवर असेल, तर मित्रकीटक आपणहून येतात. तिथे चार-पाच दिवस थांबून बघण्यात अर्थ आहे. बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये किंवा एसीच्या खोलीत ते येत नाहीत. तिथे कीड दिसली की थांबू नका, हातानं काढायला लागा. तोच मावा गुलाबावर ग्रिलमध्ये असेल तर सल्ला वेगळा आणि हॉलमधल्या सिंगोनियमवर असेल तर वेगळा.

काय हाताशी हवं आणि कुठे बघायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कोरा कागद, एक टूथपिक आणि मोबाइलचा टॉर्च. भिंग नसेल तर मोबाइलनं जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. पायांची संख्या मोजण्याइतकं दिसतं.

आठवड्यातून एकदा, सकाळी, दहा मिनिटं पुरतात. पण क्रम ठेवा, नाहीतर नेमकी जागा सुटते. पहिल्यांदा पानाच्या वरच्या बाजूवरून आणि कुंडीखालच्या फरशीवरून बोट फिरवा. चिकट लागलं तर वर कुठेतरी रस शोषणारी कीड बसलेली आहे. मग कोवळा शेंडा, मग पान आणि खोड जिथे जुळतात ते बेचके, मग जुन्या पानांची खालची बाजू, तीही मधल्या शिरेला लागून. त्यानंतर खोड. शेवटी मातीचा वरचा थर, कुंडीची कड, तळाचं भोक आणि थाळी. नवशिक्या माणसाची नजर शेंड्यावर जाते आणि तळाचं भोक राहून जातं. पिठ्या ढेकणाची वस्ती अनेकदा तिथेच असते.

नर्सरीतून आणलेलं रोप दोन ते तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा. घरात येणारी बहुतेक कीड नव्या कुंडीबरोबर आलेली असते.

पांढरा कापूस: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

बेचक्यात कापसाचा पुंजका दिसला तर बहुतेक वेळा तो पिठ्या ढेकूण असतो, ज्याला नर्सरीवाले मिलीबग म्हणतात. मादी तीन-चार मिलिमीटरची, लांबट गोल, अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी, कडेनं बारीक झालर. ती हळू सरकते किंवा बसूनच असते. कापसासारखी जी पिशवी दिसते तिच्यात शेकडो अंडी असतात. जेड, मनी प्लांट, क्रोटन आणि जास्वंद ही तिची आवडती झाडं.

आता त्याच पुंजक्यांमध्ये एखादा पांढरा किडा बाकीच्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा दिसतो, अंगावर मेणाचे लांब लोंबते धागे असतात, आणि टूथपिकनं हलकेच ढोसलं की तो लगबगीनं चालायला लागतो. हा पिठ्या ढेकूण नाही. ही क्रिप्टोलिमस नावाच्या लेडीबर्डची अळी आहे आणि ती पिठ्या ढेकूणच खाते. पूर्ण वाढलेली अळी सव्वा सेंटिमीटरपर्यंत होते. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. किडीच्या बंदोबस्तासाठी १८९८ साली तो भारतात आणला गेला आणि इथे रुजला. मोठा भुंगेरा चार मिलिमीटरचा, काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. मिलीबग समजून ही अळी चिरडली जाते, आणि खूप मेहनत घेऊन चिरडली जाते, कारण ती सगळ्यात मोठी दिसते. तेव्हा लक्षात ठेवा: आकारानं मोठा, झिपऱ्या आणि चपळ असेल तर हात लावू नका.

जास्वंदीवर आणखी एक सोबती सापडू शकतो. एपफ्लाय नावाच्या छोट्या फुलपाखराची अळी पिठ्या ढेकूण खाऊन वाढते आणि त्यांचंच पांढरं मेण अंगावर वागवते. तिचा कोष जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा असतो आणि भिंगातून तो थेट माकडाच्या तोंडासारखा दिसतो. असा कोष दिसला तर त्या फांदीवर काहीही फवारू नका.

तिसरी खूण म्हणजे फुगलेले, कडक झालेले, पिवळट किंवा तपकिरी पडलेले मिलीबग, काहींच्या पाठीला गोल भोक. यांच्या आत इवल्या परजीवी माशीनं अंडं घातलेलं असतं. भोक असेल तर ती माशी बाहेर पडून पुढच्या शिकारीला गेलेलीही असते. ही माशी क्षुल्लक समजू नका. पपईवरच्या पिठ्या ढेकणाची भारतात पहिली नोंद २००८ साली कोइमतूरला झाली. पपई, तुती, जास्वंद असं सगळं त्यानं धरलं. २०१० मध्ये प्युर्तो रिकोहून अशीच एक परजीवी माशी आणून सोडली, तेव्हा तो आटोक्यात आला. गॅलरीतल्या जास्वंदीवर अशी ममी झालेली कीड दिसत असेल तर काम सुरू झालेलं आहे.

कापूस फक्त मातीत, मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला दिसत असेल तर तो मुळांवरचा मिलीबग. झाड पाणी घालूनही मलूल राहतं. रोप उपटून मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, जुनी माती टाकून द्या आणि कुंडी साबणानं घासून मगच पुन्हा लावा. मात्र कोकोपीटवर किंवा ओल्या लाकडावर पसरलेली पांढरी लव ही साधी बुरशी असते. टूथपिकनं उचलली तर ती तंतूंसारखी तुटते, आत किडा सापडत नाही. तिला फक्त हवा आणि कमी पाणी हवं.

चिकट पान, काळी काजळी, मुंग्यांची रांग

पान चिकट असेल तर चारपैकी एक असतं: वर सांगितलेला पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड किंवा पांढरी माशी. या किडी झाडाचा रस पितात आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात टाकतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. ती ओल्या फडक्यानं पुसली जाते. खरा रोग तो नव्हे.

मावा ओळखायला सोपा. कोवळ्या शेंड्यावर दाटीवाटीनं बसलेले हिरवे, काळे किंवा पिवळे मऊ किडे, मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या. शेजारी पांढरी टरफलं पडलेली असतात. ती माव्याची टाकलेली कात असते, पण लोक तिला पांढरी माशी समजतात. फांदी हलवा: कात जागेवर राहते, पांढरी माशी भुर्रकन उडते.

माव्याच्या गर्दीत कोण कोण येतं ते नीट बघा. काळपट, लांबट, मगरीच्या ठेवणीची, नारिंगी ठिपक्यांची अळी ही लेडीबर्डची. पाय नसलेली, हिरवट अर्धपारदर्शक, जळवेसारखी आखडत पुढे जाणारी अळी ही सिरफिड माशीची. तिची आई हवेत एका जागी थरथरत राहणारी, मधमाशीसारखे पट्टे असलेली माशी. पानावर केसाएवढ्या बारीक देठांवर उभी असलेली पांढरी अंडी दिसली तर ती बुरशी नाही. ती क्रायसोपा नावाच्या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची अंडी आहेत, आणि त्यातून निघणारी अळी मावा, मिलीबग, लाल कोळी जे मिळेल ते फस्त करते. यांपैकी एक जरी दिसला आणि कुंडी बाहेर असेल, तर आठवडाभर काहीच करू नका. फार झालं तर सगळ्यात भरलेला एखादा शेंडा खुडून टाका.

खवले कीड किडा वाटतच नाही. कढीपत्ता, लिंबू, अरेका पाम आणि फर्नच्या देठावर तपकिरी फुगीर ठिपका, जणू झाडाचाच भाग. नखानं खरवडा. टवका निघाला आणि खाली ओलसर मऊ काही दिसलं तर कीड. निघालाच नाही तर ती खोडाची गाठ. फर्नच्या बाबतीत विशेष जपा: पानाच्या खालच्या बाजूला एकसारख्या ओळींत मांडलेले तपकिरी ठिपके ही त्याची बीजुकं असतात आणि निरोगी फर्नवरही ती असतात. कीड कधी इतकी शिस्तीत बसत नाही. ती शिरेवर आणि देठावर वेडीवाकडी पसरते.

मुंग्या झाड खात नाहीत, पण त्या निरुपद्रवीही नाहीत. चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि लेडीबर्डला हुसकावतात. म्हणून मुंग्यांची रांग दिसली की ती कुठे पोचते ते शोधा, तिथे कीड सापडतेच. कुंडी पाण्याच्या थाळीत विटेच्या तुकड्यावर ठेवली आणि फांद्या भिंतीला टेकू दिल्या नाहीत, की रांग तुटते. थाळीतल्या पाण्यात साबणाचे चार थेंब टाका आणि दर दोन-तीन दिवसांनी ते बदला. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. थाळीत वळवळणारे बारीक जीव दिसले तर ती डासांची पिल्लं. पाणी लगेच ओतून थाळी घासा.

फिकट ठिपके आणि चंदेरी ओरखडे

पानावर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके पडले, हिरवेपणा उडाला, पण वर कोणी दिसत नाही? पानाखाली पांढरा कागद धरा आणि टिचकी मारा. कागदावर पडलेले धुळीचे कण चालायला लागले तर तो लाल कोळी. तो अर्धा मिलिमीटरचा, आठ पायांचा. कण बोटानं कागदावर घासला तर लालसर-हिरवट डाग उमटतो.

मराठीत कोळी हा शब्द या सूक्ष्म किडीलाही आहे आणि जाळं विणणाऱ्या कोळ्यालाही, आणि या एका शब्दानं बराच घोटाळा होतो. किडीचं जाळं पानाच्या खालच्या बाजूला आणि बेचक्यात चिकटून असतं, त्यात पिठासारखे कण दिसतात. मोठ्या कोळ्याचं जाळं दोन फांद्यांमध्ये ताणलेलं आणि स्वच्छ असतं. तो, आणि भिंतीवरून उड्या मारणारा छोटा कोळीसुद्धा, तुमच्या बाजूचा आहे. त्यांना झाडूनं काढू नका.

मार्च ते मे हा लाल कोळ्याचा हंगाम. कोरड्या उन्हाळ्यात, तिशीच्या तापमानात, त्याची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत तो सहज वाढतो, आणि एसीच्या खोलीत तर मुंबईतही. नेहमीची कीटकनाशकं इथे उपयोगी नाहीत, कारण कोळी कीटकच नाही. उलट त्याचे शत्रू मरून तो वाढतो. पाणी हेच खरं औषध: कुंडी न्हाणीघरात न्या, माती प्लास्टिकनं झाका, पानांच्या खालच्या बाजूला जोरात शॉवर द्या. दर तीन दिवसांनी असं चार वेळा.

ठिपक्यांऐवजी चंदेरी ओरखडे आणि त्यांवर बारीक काळे विष्ठेचे ठिपके असतील तर ते फुलकिडे. एक-दीड मिलिमीटरचे, सुईच्या टोकासारखे, पिवळट ते काळे. गुलाबाच्या कळीत फुंकर घाला, ते पळताना दिसतात. यांची कोषावस्था मातीत जाते, म्हणून नुसतं पान धुऊन भागत नाही. मातीचा वरचा दोन सेंटिमीटर थर काढून बदला आणि कोमेजलेली फुलं लगेच खुडा.

पानावर पांढरे डाग आहेत, पण ओल्या फडक्यावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसले की जातात? मग तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार. कीड नाही.

मातीतून उडणारी चिलटं

पावसाळ्यात सगळ्यात जास्त तक्रार हीच. कुंडी हलवली की दोन-तीन मिलिमीटरची काळी, लांब पायांची, दुबळं उडणारी चिलटं वर येतात. ती मातीतून येतात की आणखी कुठून, हे आधी ठरवा. लाल डोळ्यांची, केळ्यांभोवती घिरट्या घालणारी असतील तर ती फळमाशी. केसाळ, पाकळीच्या आकाराची, बेसिनजवळच्या भिंतीवर बसणारी असतील तर ती मोरीतली. त्या दोघींचा झाडाशी संबंध नाही.

मातीतली असल्याची खात्री करायला बटाट्याची सोललेली चकती मातीवर दाबून ठेवा आणि दोन दिवसांनी उलटा. खाली काचेसारखी पारदर्शक, काळ्या डोक्याची अळी दिसली तर हीच. ती कुजलेलं आणि बुरशी खाते. मोठ्या झाडाचं फार बिघडत नाही, पण कोवळ्या रोपांची आणि कलमांची मुळं ती कुरतडते. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: सतत ओलं कोकोपीट. वरची दोन ते तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. वाफसा आला की नाही हे बोट खुपसून बघा, दिवस मोजून नव्हे. मातीलगत पिवळा चिकट सापळा आडवा ठेवा. एक पिढी तीन-चार आठवड्यांची असल्यामुळे चिलटं तेवढे दिवस दिसत राहतील; दहाव्या दिवशी धीर सोडू नका.

पाणी घातल्यावर मातीवर टुणटुण उडणारे पांढरे कण म्हणजे स्प्रिंगटेल. ते कुजलेलं खातात, झाडाला काही करत नाहीत. तांबूस वाणी, ज्याला पैसा किडा म्हणतात, तोही कुजलेल्यावर जगतो. फार झाले तर उचलून बागेत सोडा. गांडूळ अर्थातच राहू द्या.

ठिपक्यांचे दोन भुंगेरे

सगळेच ठिपकेवाले भुंगेरे मित्र नसतात. चकचकीत, लाल-नारिंगी, सात ठिपक्यांचा किंवा नागमोडी काळ्या रेघांचा असेल तर तो मावा खाणारा. मंद, लव असल्यासारखा, वीटकरी रंगाचा आणि अठ्ठावीस बारीक ठिपक्यांचा असेल तर तो पान खाणारा. गॅलरीत वांगं, टोमॅटो किंवा कारलं लावलं असेल तर हाच येतो आणि पानाचा हिरवा भाग खरवडून शिरांची जाळी ठेवतो. त्याची अळी पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची. दोघांची अंडी पिवळी, उभी, पुंजक्यानं असतात आणि ती नुसती बघून कोणाची ते सांगता येत नाही. आजूबाजूला मावा असेल तर ठेवा. वांग्याच्या पानावर असतील आणि शेजारी जाळी पडलेली असेल तर ते पान खुडा.

कढीपत्ता आणि तुळस

कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काळं-पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसेल. ढोसलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. ही फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्यासुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. आमचं मत सरळ आहे: झाड कमरेएवढं असेल तर दोन-तीन अळ्या राहू द्या, पानं पुन्हा फुटतात. वीतभर रोप असेल तर एकच अळी ते संपवते, तेव्हा तिला पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवा. मारू नका.

तुळशीचे शेंडे आक्रसले, पानं करपली आणि खाली काळे ठिपके दिसले, तर जाळीदार पंखांचे बारीक काळपट ढेकूण असतात. बाधित शेंडे खुडा, पाण्याच्या धारेनं झाड धुवा. जी पानं आपण खातो त्यांवर रासायनिक औषध मारायचंच नाही.

फवारायचंच असेल तर

1. एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली सौम्य द्रव साबण घाला. कपड्यांची पावडर नको, पानं जळतात.
2. त्यातच ५ मिली कडुनिंबाचं तेल घालून पाणी दुधाळ होईपर्यंत हलवा. साबण आधी, तेल नंतर. उलट केलं तर तेल वर तरंगतं आणि जिथे थेंब पडेल तिथे पान करपतं. थंडीत तेल गोठलं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा.
3. दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. फर्न आणि जेडसारखी मांसल झाडं बिघडू शकतात.
4. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, थेंब गळेपर्यंत. मिश्रण त्याच दिवशी संपवा.
5. सहा-सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. अंड्यांवर याचा फारसा परिणाम होत नाही. एकदा मारून सोडलं की नवीन पिल्लं निघतात.

तेल मिळत नसेल तर ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा आणि चिमूटभर साबण घाला. वासामुळे हा अर्क गॅलरीतच वापरा.

मिलीबग आणि खवल्यांना फवारणीपेक्षा हात बरा. कापसाचा बोळा मेडिकलमधल्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका पुसा, चिवट खवले जुन्या टूथब्रशनं काढा. जवळ गॅस किंवा दिवा नको. डासांचा किंवा झुरळांचा घरगुती स्प्रे झाडावर कधीच मारू नका. त्यातल्या द्रावकानंच पानं करपतात. लेडीबर्ड विकत आणून हॉलमध्ये सोडण्यातही पैसा वाया जातो, ते उजेडाकडे उडतात आणि खिडकीच्या काचेवर मरतात.

तीन फेऱ्या करूनही खोडावर, मुळांवर सगळीकडे पिठ्या ढेकूण असेल तर ते रोप टाकून द्या. पिशवीत घालून तोंड बांधा, घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका. कुंडी साबणानं घासून दोन दिवस कडक उन्हात उलटी ठेवा, आणि शेजारच्या कुंड्या पुढचा महिनाभर दर चार दिवसांनी तपासा.